दोन टाक्यांनी काय होतं?

"अहो, नमुना विणलात का?" बायकोने विचारलं. नमुना म्हणजे आपल्या हाताचे टाके किती पडतात ते मोजायला आधी विणायचा तुकडा. तिने विचारलं तेव्हा नातीच्या टोपीचे ८४ टाके माझ्या सुईवर चढूनही झाले होते. लोकरीच्या वेष्टनावर छापलेलं होतं: ५ मिमीची सुई, १० सेंटीमीटरला १८ टाके. माझ्या हाताचे १६ च पडतात, हे टोपी पुरी झाल्यावर कळलं. "दोन टाक्यांनी काय होतं?" असं मी तिला ऐटीत म्हणून बसलो होतो. तर दोन टाक्यांनी असं होतं: नातीच्या डोक्याचा घेर ५२ सेंटीमीटर, टोपीचा हवा होता ४७, भरला साडेबावन्न. टोपी भुवया ओलांडून थेट नाकावर येऊन थांबायची. नातीला फार आवडली. "आजोबा, आतून दिसतं!" म्हणाली आणि तशीच घरभर धडपडत फिरली.

मी पेशाने ड्राफ्ट्समन. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढण्यात नोकरी गेली, आणि ज्या मापापुढे टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहिलेला नाही त्या कागदावर कधी सही केली नाही. निवृत्त झाल्यावर बायकोकडून विणायला शिकलो, आणि लोकर हातात येताच हा सगळा शहाणपणा कुठे गेला कोण जाणे. नमुना विणणं म्हणजे वेळ आणि लोकर दोन्हीची नासाडी, असं माझं ठाम मत झालं. गेल्या काही महिन्यांत मी तीन गोष्टी केल्या: ही टोपी (दोनदा), फेल्टचे (आटवून दाट केलेल्या लोकरीचे) घरात घालायचे जोडे आणि जुन्या शर्टांची एक गोधडी. तिन्ही कशा करायच्या ते लिहितो. सुलट-उलट विणता येतं आणि मशीनवर सरळ टीप मारता येते, असं धरून चाललोय. जास्त शाई नमुन्यावर खर्च होणार आहे, कारण माझ्या चुका झाल्या त्या तिथेच.

टोपी, दुसऱ्यांदा

नमुना हा ओळी मोजण्यापुरता चार बोटांचा तुकडा नव्हे. कडेचे टाके नेहमी वाकडेतिकडे असतात. ते सोडून मध्ये १० सेंटीमीटर मोजता आले पाहिजेत. म्हणून किमान ३० टाके घाला आणि १५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत विणा. मग टाके बंद करून तो तुकडा टोपी जशी धुणार तसाच धुवा, सपाट ठेवून वाळवा आणि मगच फूटपट्टी लावा. सुईवर असताना मोजू नका, कारण सुई वीण ताणून धरते. आणि अर्धा टाका दिसला तर तोही धरा. स्वेटरचा घेर १०० सेंटीमीटर असेल तर प्रत्येक १० सेंटीमीटरमागे गाळलेला अर्धा टाका म्हणजे एकूण ५ टाके, आणि जाड लोकरीत ५ टाके म्हणजे तीन सेंटीमीटर.

इथे एक फसवी जागा आहे. टोपी गोल सुईवर (दोन टोकं लवचिक तारेने जोडलेली सुई) विणतात, म्हणजे सुलट बाजू कायम समोर आणि सगळे टाके सुलट. नमुना सपाट विणला तर त्यात एक ओळ सुलट, एक उलट येते. बहुतेकांच्या हाताला उलटा टाका थोडा सैल पडतो (माझ्या तर पडतोच), त्यामुळे सपाट नमुन्यावर मोजलेलं गोल विणकामाला लागू होईलच असं नाही. यावर तोडगा असा: नमुनाही गोल सुईवर घ्या, पण टाके जोडून घेऊ नका. एक ओळ सुलट विणली की काम उलटवायचं नाही. टाके घसरवत सुईच्या दुसऱ्या टोकाला आणा, धागा मागून चांगला सैल सोडा आणि पुन्हा सुलटच विणायला लागा. मागे धाग्यांच्या लोंबत्या झालरी दिसतील. दिसू द्या, नमुना कोणाला घालायचा नाहीये.

सुईचा नंबर सांगून कोणी काही सांगत असेल तर आधी मिलिमीटर विचारा. जुन्या ब्रिटिश मोजणीत ६ नंबरची सुई ५ मिमीची, अमेरिकन मोजणीत ६ नंबरची ४ मिमीची. त्यातून ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन नंबर वाढला की जाड. दोन नकाशे दोन वेगळ्या स्केलवर काढून एकावर एक ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. मी सगळ्या सुयांना मिमीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि नंबर विसरून गेलो.

आता हिशोब. टोपी डोक्यापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवी, म्हणजे ती ताणली जाऊन जागेवर बसते. ५२ चे दहा टक्के वजा केले की ४७. माझे १० सेंटीमीटरला १६ टाके, म्हणजे ४७ × १.६ = ७५.२. खालची पट्टी २ सुलट २ उलट, म्हणून संख्येला ४ ने भाग गेला पाहिजे. तेव्हा ७६. वेष्टनावर विसंबून मी घातले होते ८४. एलिझाबेथ झिमरमन या नामवंत विणकाम-शिक्षिकेने अख्ख्या स्वेटरसाठी अशीच पद्धत रूढ केली. नमुन्यावरून छातीच्या घेराचे टाके काढायचे, ते शंभर टक्के धरायचे, आणि बाही, मनगट, गळा हे सगळं त्याच्या टक्केवारीत बसवायचं. ती वाचली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

बाकी टोपी सोपी. ४० सेंटीमीटरच्या गोल सुईवर ७६ टाके घाला. गोल जोडताना टाक्यांची साखळी सुईभोवती पिळलेली नाही ना, हे बघा. पीळ राहिला तर तो दहाव्या फेरीला दिसतो आणि तेव्हा उसवण्यावाचून इलाज नसतो. चार सेंटीमीटर २-२ ची पट्टी, मग साधं सुलट. एकूण उंची १२ सेंटीमीटर झाली की माथा बांधायला घ्या. ७६ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून एका फेरीत लांब लांब अंतरावर ४ टाके कमी करून ७२ करा. त्याचे १२-१२ चे सहा भाग. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणायचे, पुढची फेरी सरळ, असं ३६ टाके उरेपर्यंत. त्यानंतर प्रत्येक फेरीत कमी करत १२ वर या. टाके कमी झाले की गोल सुईवर ते ताणले जातात, तेव्हा दोन्ही टोकांना अणी असलेल्या चार सुयांवर घ्या. शेवटी धागा तोडून बाराही टाक्यांतून ओवा आणि ओढून आत टाचा.

ही टोपी बसली. नातीने विचारलं, "आतून दिसणारी कुठे गेली?"

ती कुठे गेली

ती मी आटवायला घेतली होती. लोकर गरम पाण्यात आटते हे कोणाला माहीत नाही? साडेबावन्नची सत्तेचाळीस व्हायला थोडंसं आटणं पुरे, असा माझा हिशोब. गरम पाण्याच्या बादलीत साबण टाकला आणि चोळायला बसलो. दहा मिनिटं काहीच होईना. अकराव्या मिनिटाला हाताला वीण दाट लागली, मला उत्साह आला, आणि पंधराव्या मिनिटाला टोपीचा घेर ४१ झाला होता. ती आता मशीनशेजारी उलटी ठेवलेली असते. टाचण्या ठेवायला बरी आहे.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात आणि ते सगळे तंतूच्या टोकाकडे तोंड करून असतात. गरम साबणपाण्यात तंतू फुगून मऊ होतो, एकमेकांवरून सरकायला लागतो. चोळताना तो मुळाच्या दिशेने सहज पुढे जातो, पण मागे यायला खवले आड येतात. हे चक्क रॅचेट आहे. एका बाजूला फिरतं, उलट फिरत नाही. म्हणून लोकरीचं आटणं सुरुवातीला दिसत नाही, मग झपाट्याने होतं, आणि झालेलं परत उसवत नाही. विणकामात चूक झाली तर सुटका असते, इथे नसते. याच गुणामुळे फेल्ट टिकतंही. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यांत बर्फाखाली सापडलेली फेल्टची कामं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आहेत. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ती अजून रंगांसकट बघायला मिळतात.

आधी लोकर आटणारी आहे का ते ठरवा. वेष्टन हरवलेल्या गुंड्याचा दोन बोटं लांब धागा चिमट्यात धरून जाळून पाहतात. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ती फारशी पेट घेत नाही, आणि राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा काळा टणक मणी होतो. पण एवढ्यावर भागत नाही. 'सुपरवॉश' लोकर ही अस्सल लोकरच असते, जाळल्यावर वासही तोच येतो, फक्त तिचे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. ती मशीनमध्ये धुता यावी म्हणून तसं करतात. अशी लोकर तासभर चोळली तरी ढिम्म हलत नाही. तेव्हा खरी परीक्षा हातावर: धाग्याची दोन टोकं उकलून एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातांत मिनिटभर जोरात चोळा. टोकं एकजीव झाली तर लोकर फेल्ट होईल. (याच युक्तीने गाठ न मारता धागा जोडताही येतो.)

जोडे

जोड्यांसाठी मी जाड, साधी, शंभर टक्के लोकर घेतली आणि ६.५ मिमीच्या सुया. वीण मुद्दाम सैल ठेवायची. आधीच घट्ट विणलं तर तंतूंना हलायला जागा राहत नाही. न आटवलेल्या विणीत १० सेंटीमीटरला १३ टाके आणि १८ ओळी पडल्या. मग २० × २० सेंटीमीटरचा नमुना विणला, तो फेल्ट केला, वाळवला आणि मोजला: रुंदी १६, उंची १४. म्हणजे रुंदीत २० टक्के आटला आणि उंचीत ३० टक्के. साध्या विणीत उंची जास्त आटते, हे कायम लक्षात ठेवा. माझे आकडे मात्र उचलू नका. तुमची लोकर, तुमचा हात, तुमचं पाणी वेगळं आहे.

एकदा हे दोन आकडे हातात आले की बाकी भागाकार. मला जोडा हवा २४ सेंटीमीटर लांब आणि पायाभोवती २४ घेराचा. टाचेकडून बोटांकडे विणणार, म्हणजे लांबी उंचीच्या दिशेने येते. २४ भागिले ०.७० म्हणजे ३४.३ सेंटीमीटर, म्हणजे ६२ ओळी. घेर २४ भागिले ०.८० म्हणजे ३० सेंटीमीटर, म्हणजे ३९ टाके. मी ४० घेतले. ज्यांना टक्के काढून गुणायची सवय असते ते इथे हमखास घसरतात: २४ मध्ये २४ चे तीस टक्के मिळवतात आणि ३१ वर थांबतात. तो जोडा दोन सेंटीमीटरहून जास्त आखूड होतो. आटण्याचे टक्के मोठ्या मापाचे असतात, लहान मापाचे नव्हेत, म्हणून भागायचं.

४० टाके घालून ३४ ओळी सपाट विणा, एक सुलट एक उलट. हा पाय घालायचा उघडा भाग. मग गोल जोडून आणखी २८ फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत दोन-दोन टाके एकत्र विणून संख्या कमी करा आणि धागा ओवून बोटांकडचं टोक आवळा. सुरुवातीची कड मधोमध दुमडून त्याच लोकरीने शिवली की टाच झाली. या टप्प्याला ही वस्तू हत्तीच्या पिल्लाच्या मोज्यासारखी दिसते. घाबरू नका. दोन्ही जोडे विणून झाल्याशिवाय एकही पाण्यात घालू नका, आणि दोन्ही एकत्रच घाला, म्हणजे सारखे आटतील.

मशीनमध्ये करायचं तर जोडे चेन असलेल्या उशीच्या अभ्र्यात घाला, नाहीतर सुटलेली लव मशीनच्या गाळणीत जाऊन बसते. सोबत एखादी जुनी जीन्स टाका, घासायला काहीतरी खरखरीत लागतं. ६० अंशांचं पाणी, अगदी थोडा साबण. फेस जास्त झाला की कपडे एकमेकांवरून घसरतात, घासले जात नाहीत. वरून उघडणारं मशीन असेल तर दर पाच मिनिटांनी थांबवून बघता येतं. समोरून उघडणाऱ्यात तसं करता येत नाही, म्हणून तिथे लहानात लहान आवर्तन लावा आणि गरज पडली तर पुन्हा लावा. मी टोपीपासून धडा घेऊन हातानेच केलं: रबरी हातमोजे, सोसेल तितकं गरम पाणी, आणि चोळायला खाचा असलेला प्लास्टिकचा ट्रे. हाताने केलं की कुठे कमी कुठे जास्त हे आपल्या ताब्यात राहतं. माझा डावा जोडा उजव्यापेक्षा मागे पडला होता, त्याला पाच मिनिटं जादा दिली.

कुठे थांबायचं? सुलट बाजूवर टाक्यांची इंग्रजी व्ही अक्षरासारखी रांग दिसते ती पुसट व्हायला लागली की थांबा, फूटपट्टी लावा, मग दर मिनिटाला लावत राहा. कोमट पाण्यात साबण काढून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि वर उभे राहून दाबा. पिळू नका, पिळल्याची घडी कायमची बसते. ओले असतानाच पायात घालून हाताने आकार द्या, मग आत प्लास्टिकच्या पिशव्या कोंबून वाळू द्या. पुरते वाळायला दोन दिवस लागले. गुळगुळीत फरशीवर हे जोडे घसरतात, म्हणून तळाला चामड्याचा तुकडा शिवा. ते न करता चालायला गेलो आणि दाराला धरून वाचलो.

तळाला एक पातळ जागा राहिली होती. तिथे फेल्टिंगची सुई कामी आली. ही सुई तीन धारी असते आणि तिच्या अंगावर बारीक खाचा असतात. टोचली की त्या खाचा तंतू आत ओढून नेतात, म्हणजे पाणी-साबणाशिवाय तेच काम. ३६ नंबर जाड, ३८ मधली, ४० बारीक. खाली जाड फोम ठेवा, पातळ जागेवर विंचरलेल्या लोकरीचा पापुद्रा ठेवा आणि सुई सरळ आत, सरळ बाहेर. तिरपी घालून सरळ ओढली की मोडते. आणि टोचताना कोणाशी बोलू नका. हे माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला विचारून लिहितोय.

गोधडी

विणकाम मी सेंटीमीटरमध्ये करतो आणि गोधडी इंचांत, कारण त्या कामाच्या पट्ट्या, चौकोन, मशीनचे पाय (सुईखाली कापड दाबून धरणारे) सगळे इंचांत आखलेले मिळतात. एकाच कामात दोन्ही मापं मिसळू नका, एवढंच.

गोधडी ठरवली ४८ × ६० इंचांची: सहा इंची चौकोन, आडवे ८, उभे १०, एकूण ८०. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच माया, म्हणून कापायचे साडेसहा इंचांचे. शर्टाची पाठ हा सगळ्यात मोठा अखंड तुकडा, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. शिवणी उसवत बसू नका, शिवणीलगत कापून टाका. ताणलं जाणारं आणि चकचकीत मिश्र कापड बाजूला ठेवा, ते सुती कापडाशेजारी बसत नाही. चौकोन कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर कापा. उरेब कापलेली कड इस्त्रीखाली लांबते आणि चौकोनाचा पतंग होतो. कापायला चकतीचं पातं असलेला रोटरी कटर घ्या. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली तो आणला, त्याआधी हे सगळं पुठ्ठ्याचे साचे आखून कात्रीने चालायचं. पातं वस्तऱ्यासारखं असतं. हातातून खाली ठेवताना, अगदी दोन सेकंदांसाठी ठेवायचा असला तरी, झाकण बंद.

आता पाव इंचाची गोष्ट. माझ्यातला ड्राफ्ट्समन इथे जागा झाला, पण उशिरा. पहिल्या सहा रांगा एका दिवशी शिवल्या. नंतर मशीनचा पाय बदलला आणि उरलेल्या चार शिवल्या. दुसऱ्या पायाच्या कडेला धरून मारलेली टीप जेमतेम एक सोळांश इंच जास्त माया खात होती. एका शिवणीत दोन तुकडे, म्हणजे शिवणीमागे एक अष्टमांश. आठ चौकोनांच्या रांगेत सात शिवणी. सात अष्टमांश इंच! सहा रांगा ४८ इंचांच्या आणि चार रांगा ४७ च्या थोड्या वर. असे साचत जाणारे टॉलरन्स मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने दाखवत आलो होतो. चार रांगा उसवल्या. बायको शेजारी बसून धागे वेचत होती आणि एक अक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं.

यासाठी नमुना दहा मिनिटांचा आहे. दीड इंच रुंद आणि चार इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच आली पाहिजे. मधली कमी भरली तर माया जास्त जातेय. बहुधा पहिल्यांदा कमीच भरते, कारण शिवण उलगडून दाबताना कापडाची घडी स्वतः थोडी जागा खाते. म्हणून टीप पाव इंचाहून एक धागाभर कमी अंतरावर मारायची. जागा सापडली की मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावून टाका. पाय बदलला, सुई बदलली, मशीन बदललं, की पुन्हा तीन पट्ट्या.

चौकोन जमिनीवर मांडा आणि फोनवर कृष्णधवल फोटो काढा. रंग गेले की गडद आणि फिकट कुठे गोळा झालेत ते लगेच दिसतं. मला निळे शर्ट फार आवडायचे हेही त्या फोटोत दिसलं. मांडणी ठरली की रांगांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. पहिल्या रांगेच्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे, म्हणजे रांगा जोडताना समोरासमोरच्या शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. बोटाला तो खटका जाणवतो. तिथेच टाचणी लावा.

मग तीन थर. खाली अस्तर, सुलट बाजू जमिनीकडे, चारही कडांना चिकटपट्टीने ताणून (नुसतं सपाट, ढोलासारखं नको). त्यावर बॅटिंग (आत भरायचा कापसाचा थर), त्यावर शिवलेला वरचा थर. अस्तर आणि बॅटिंग चहूबाजूंनी चार-चार इंच जास्त, म्हणजे ५६ × ६८. मधून बाहेर जात तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. गुडघे दुखतात, उशी घ्या. पिना लावायचा कंटाळा केला की अस्तराला चुण्या पडतात, आणि त्या दिसतात शेवटच्या दिवशी.

टिपा मारण्याआधी याच तीन थरांचा फूटभराचा नमुना करा. वरचा धागा खाली ठिपक्यांसारखा ओढला जातोय का, की बॉबिनचा वर येतोय, ते त्यावर कळतं. टाका ३ मिमीचा ठेवा, वॉकिंग फूट असेल तर लावा. तो वरचा थरही पुढे सरकवतो, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. पहिली टीप मधोमध, मग एकेका बाजूला बाहेर सरकत. दोन टिपांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या वेष्टनावर दिलेलं असतं. त्याहून लांब मारल्या तर धुतल्यावर आतला कापूस गोळा होतो. मी दोन-दोन इंचांवर मारल्या. मधल्या सहा रांगांत हाताने धावदोरा घातला. टाके सारखे आले नाहीत, आणि तो भाग मला सगळ्यात आवडतो.

याच नमुन्याने मला एका मोहातून वाचवलं. जोड्यांच्या फेल्टचा चौकोन उरला होता. फेल्टला कापल्यावर धागे निघत नाहीत, तेव्हा त्याची पानं कापून गोधडीच्या कोपऱ्यांवर लावावीत असं मनात होतं. आधी नमुन्यावर दोन पानं शिवून ४० अंशांत धुतली. पानं आणखी आटली आणि भोवतीच्या कापडाला सुरकुत्या पडल्या. पानं उसवून त्यांची सुया टोचायची वही केली.

गोट लावणं उरलं. परिघ २ × (४८ + ६०) = २१६ इंच, जोडणीला आणि कोपऱ्यांना १० इंच धरा, २२६. चाळीस इंची पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या ६ पट्ट्या काढल्या तर २४०, पण तिरप्या पाच जोडांत प्रत्येकी अडीच इंच जातात. उरतात २२७.५. दीड इंचावर जीव टांगून ठेवण्यापेक्षा सातवी पट्टी काढा. पट्टी लांबीत दुमडून दाबा, तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवा, पाव इंचावर टीप. कोपरा यायच्या पाव इंच आधी थांबा, धागा पक्का करा, पट्टी ४५ अंशांत वर उलटवा, मग सरळ खाली दुमडा आणि नव्या बाजूच्या कडेपासून टीप सुरू करा. मागे फिरवून हाताने हेम घाला. चार संध्याकाळी लागतात, त्या लागू द्या.

पहिली धुलाई गार पाण्यात, एकटीच, आणि सपाट वाळवण. शर्ट आधीच शेकडो वेळा धुतलेले होते, ते आटायचे उरले नव्हते. अस्तर मी कापायच्या आधी धुऊन घेतलं होतं. बॅटिंग सुती होतं, त्याच्या वेष्टनावर ३ ते ५ टक्के लिहिलं होतं. वाळल्यावर टिपांच्या मध्ये बारीक उठाव आला, जो नव्या गोधडीला नसतो. जमिनीवर पसरून मोजली: साडेसेहेचाळीस बाय अठ्ठावन्न, म्हणजे तीन टक्के. वहीत मांडलं, शेजारी बॅटिंगच्या वेष्टनाचा तुकडा चिकटवला. बायकोने फूटपट्टीचं दुसरं टोक धरलं होतं. "आता माझ्यासाठी कार्डिगन," ती म्हणाली, "आणि आधी नमुना दाखवा."